बरणीतला धाकला

१

रोज सकाळी सहाला मी दुकानाची एक फळी काढतो, स्टोव्ह पेटवतो, चहाचं आधण ठेवतो आणि ते उकळेपर्यंत लोणच्याच्या बरणीचे ठोके मोजतो. हसायचं असेल तर खुशाल हसा. आमची विनोदिनी साडेचार वर्षं हसतेय, कारण बरणी तिची होती आणि मी ती न विचारता खाली आणली.

दुकान मिरजेत, वर राहायला दोन खोल्या. धंदा रेडिओ दुरुस्तीचा. बरणी काचेची आहे, तिच्यात मिठाचं पाणी आहे आणि पाण्यात बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढी एक काळपट डबी बुडवून ठेवली आहे. डबीच्या तारा झाकणातून बाहेर येतात आणि दोन सेलना जोडलेल्या आहेत. ट्रान्झिस्टर बरणीला टेकवायचा, सांगली केंद्राच्या जरा अलीकडे जिथं नुसती खरखर असते तिथं काटा आणायचा, की ऐकू येतं टक्, टक्, टक्. घड्याळ समोर ठेवून एक मिनिट मोजायचं. मी मोठ्यानं मोजतो. मनातल्या मनात मोजलं की माझा आकडा हरवतो, शाळेपासून तसंच आहे. बहात्तर भरले की वहीत लिहायचं आणि मग चहा. या बहात्तरमुळे दिवस कसा सरळ सुरू होतो.

हे खूळ डॉक्टर मेहेंदळ्यांनी माझ्या डोक्यात घातलं. एकाहत्तर साली ते एक बंद पडलेला परदेशी पेसमेकर रुमालात गुंडाळून घेऊन आले. "तात्या, हे उघडा. यात तुमच्या ट्रान्झिस्टरपेक्षा जास्त काही नाही. हृदयाला ठरल्या वेळेला एक टिचकी मारायची, एवढंच." परदेशातून मागवायचा तर परवाना हातात पडेपर्यंत पेशंट टिकायचा नाही, म्हणून इथंच करायचा, असा त्यांचा हट्ट. मी म्हटलं, करू की! मला वाटलं महिन्याभराचं काम. साडेतीन वर्षं गेली. सर्किट सोपं होतं, पण डबीत पाणी शिरायचं. माणसाचं शरीर आतून किती ओलं असतं हे मला तेव्हा कळलं. सव्वीस डब्या वाया गेल्या, सत्ताविसावी टिकली.

त्यातली एक गोष्ट मात्र माझी स्वतःची. आमच्या शेजारी तंबोरे करतात. ते गवयासाठी तंबोरा करताना जोडी करतात, एकसारखे भोपळे, एकाच लाकडाचे दांडे. मी डॉक्टरांना म्हटलं, आपणही जोडी करू. एकाच दिवशी, एकाच हातानं, एकाच खोक्यातले सेल लावून. एक माणसाच्या छातीत, दुसरी बरणीत. बरणीतली मंदावली की समजायचं छातीतलीही मंदावणार, आणि आधीच बदलायची. डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. "वा, तात्या!"

त्या दिवसांत जिना चढताना माझ्याच छातीत कळ यायची. डॉक्टर म्हणायचे, तपासून घ्या. मी टाळत होतो. जन्मभर दुसऱ्यांची यंत्रं उघडणाऱ्याला स्वतःचं उघडून घ्यायला नको वाटतं.

२

पहिला माणूस कडेगावचा. लालासाहेब, पलटणीतून हवालदार होऊन परतलेला, घरचा ऊस. नाडी मिनिटाला अठ्ठावीसवर यायची आणि हा गडी उभ्या उभ्या कोसळायचा. एकदा उसाच्या सरीत तासभर पडून होता. बायकोला, बनुबाईला, सापडला तेव्हा तिनं मेला म्हणून हंबरडा फोडला, तसा हा उठून बसला. पंच्याहत्तरच्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी त्याच्या छातीत आमची डबी बसवली. मी बाहेर बाकावर नखं खात होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातची वस्तू बंद पडली तर गिऱ्हाईक परत येणार नव्हतं.

तीन आठवड्यांनी नवराबायको दुकानात आली. गडी ताठ, मिशीला तेल लावलेला.

"तात्या, ह्यो काय परकार हाय बरणीत?"

"तुमच्या डबीची जोडी."

"म्हंजी माजा धाकला भाऊच की!" तो वाकून काचेला डोळे लावून म्हणाला, "काय रं धाकल्या, बरा हायेस न्हवं?"

बनुबाईनं कनवटीची कुंकवाची पुडी काढली. "आवं तात्या, दीरच लागला मग माजा. कुंकू लावलं तर चालंल न्हवं?"

"बाहेरून लावा, बाई. आत पडू देऊ नका."

ते कुंकू अजून झाकणावर आहे. विनोदिनीनं वरून कपबश्या आणल्या, चहा झाला. मी लालासाहेबाला शिकवलं की रोज सकाळी सहाला ट्रान्झिस्टर छातीवर ठेवायचा, खरखरीवर लावायचा, मिनिटभर मोजायचं आणि आठवड्याचे आकडे कार्डावर लिहून पाठवायचे.

"सहा म्हंजी सहा. फालिनचा टाइम," तो पलटणीत रांगेला उभं राहावं तसा ताठ होत म्हणाला.

आणि खरंच, दर आठवड्याला कार्ड. सोम ७२, मंगळ ७२, बुध ७२, असं रविवारपर्यंत, आणि खाली 'सब ठीक'. मी कार्डं तारेत ओवून खिळ्याला लटकवायचो. जाता-येता त्यांना हात लागला की बरं वाटायचं. आपण जगात आलो ते अगदीच फुकट नाही, असं वाटायचं.

३

श्रावणातली गोष्ट, नागपंचमी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. बुधवार होता. मी मोजत असताना विनोदिनी जिन्यावरून ओरडली, "अहो, दूध उतू गेलं, खाली काही राहिलंय का?" माझं लक्ष उडालं. एकोणपन्नासनंतर मी साठ म्हटलं आणि तसाच पुढं गेलो. ब्याऐंशी भरले. मग चूक ध्यानात आली. पुन्हा मोजलं, बहात्तर. वहीत बहात्तर लिहिलं आणि हे मी विसरून गेलो.

पुढच्या मंगळवारी कार्ड आलं. सोम ७२, मंगळ ७२, बुध ८२, गुरू ७२. सब ठीक.

मी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. म्हटलं, असेल, त्याचीही गफलत झाली असेल. सेल एका खोक्यातले, हवा सारखीच दमट, काहीतरी होत असेल. पण डबीचा वेग ठरलेला असतो. तिला जास्त पळता येत नाही, तशी सोयच मी त्यात ठेवलेली नाही. आणि बरणीतली डबी त्या दिवशी पळालीच नव्हती. चुकलो होतो मी, माझ्या तोंडानं, सत्तर किलोमीटरवर बसून.

दोन दिवस मी स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, एक चाळा केला. तेहतीस दोनदा म्हटलं. एकाहत्तर भरले. वहीत मात्र बहात्तरच लिहिलं.

मंगळवारी कार्ड आलं. शुक्र ७१. सब ठीक.

ते कार्ड मी तारेत ओवलं नाही. पितळी स्क्रूच्या डब्यात, तळाशी ठेवलं. विनोदिनीनं विचारलं, "काय हो, आज जेवणात लक्ष नाही?" मी म्हटलं, भाजी छान झालीय. भाजी केलीच नव्हती, पिठलं होतं.

४

खंडेनवमीला आमच्या दुकानात कुठलंही हत्यार चालत नाही. वडिलांपासूनचा रिवाज आहे. सोल्डरिंग आयर्न, मीटर, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, सगळं पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि दिवसभर त्यांना विश्रांती. त्या सकाळी मी बरणीही पाटावर ठेवली, आणि सवयीनं तिचे सेल काढून देवापुढं मांडले. ट्रान्झिस्टरही बंद करून फुलांत ठेवला. मोजलं नाही. खरं सांगू? बरं वाटलं. महिनाभर त्या मोजण्याची मला भीती बसली होती. हत्यारांना सुट्टी, तशी मलाही.

सातच्या सुमाराला पूजा आटोपली. विनोदिनी वर पुरण वाटत होती, वेलदोड्याचा वास खाली येत होता. मी नुसता बसलो होतो. दुकान किती शांत असू शकतं ते मला माहीतच नव्हतं. मग बरणीकडे पाहताना वाटलं, पाणी हलतंय. पृष्ठभागावर बारीक वर्तुळ उमटायचं, विरायचं, आणि फार वेळानं पुन्हा उमटायचं. म्हटलं रस्त्यावरून ट्रक गेला असेल. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

फुलांतून ट्रान्झिस्टर उचलला, लावला, बरणीला टेकवला.

टक्.

बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टक्.

सेल पाटावर होते. मी ते डोळ्यांनी पाहिले, हातात घेऊन पाहिले. सर्किटमध्ये थोडी वीज उरते, पण ती दोन-चार ठोक्यांपुरती, तासाभरापुरती नव्हे. हे मला कळत होतं आणि तरीही मी घड्याळ पुढं ओढून मोठ्यानं मोजायला लागलो. दुसरं काही सुचलंच नाही. एक. दोन. सुरुवातीला आकडे आणि ठोके लांब लांब पडत होते. दहाच्या पुढं ते जवळ यायला लागले. तीन मिनिटं मी मोजत होतो, घाम गळत होता, आणि तिसऱ्या मिनिटाला बरोबर बहात्तर भरले. मग सेल जोडले. जोडताना आवाजात काहीच फरक पडला नाही.

पुरणपोळी न खाताच मी कडेगावची एसटी पकडली. विनोदिनी चिडली, आणि चिडली ते बरोबरच होतं.

५

विट्याला गाडी बदलून कडेगावला पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. लालासाहेब ओट्यावर घोंगडीवर टेकून बसला होता. भिंतीशी कोयते, कुऱ्हाड आणि नांगराचा फाळ पुजून ठेवलेला. बनुबाई मला बघून रडायलाच लागली.

"आवं तात्या, सकाळच्या पारी ह्यांनी डोळं फिरवलं की वो! हात गार. लय भ्यालो आमी."

"आगं, काय झालं न्हाई," तो म्हणाला. "जरा अंधारी आली. सातच्या म्होरं बरं वाटलं." आणि मग माझ्याकडे वळून, थोडं रुसल्यासारखं, "तुमी आज मोजलं न्हाई जणू?"

मी ओट्याच्या कडेवर बसलो. "काय मोजलं नाही?"

"ठोकं. रोज मोजताय की. येक, दोन, तीन. हितं येतोय न्हवं तुमचा आवाज," त्यानं छातीवर हात ठेवला. "आदी टक् टक् यायचं. नागपंचमीपासनं ते बंद झालं आन तुमचा आवाज सुरू झाला. म्या म्हनलं, तुमी नवीन सोय केली, आपल्याला मोजायचा बी तरास नको. तुमी जेवढं मोजलं तेवढं म्या कार्डावर लिव्हलं."

"एकदा बुधवारी ब्याऐंशी?"

"व्हय. पन्नास गाळलं तुमी." तो हसला. "कुनीतरी बाई दुधाचं ओरडली तवा."

बनुबाई म्हणाली, "ह्यास्नीच ऐकू येतंय. मला नुसती खरखर."

मी त्याचा ट्रान्झिस्टर घेऊन त्याच्या छातीवर टेकवला. खरखर. ठोका नाही, काही नाही. डबी बंद होती. पण मनगट धरलं तर नाडी चालू होती, भरदार, आणि घड्याळ लावून मोजली तर बहात्तर.

"तुमचं मोजून झालं की म्या बी रोज येकदा मोजतो," तो म्हणाला. "रेडिवोवरच, मोठ्यांदा. हवालदारानं डबल चेक करायचं असतंय. त्यातनं काय आवाज येत न्हाई, पर कायतरी हाय पलीकडं असं वाटतंय. म्हून मोजतो आपला."

बनुबाईनं ताटात पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. भूक लागली होती म्हणून मी खाल्ली. चांगली झाली होती.

६

डॉक्टरांनी त्याच आठवड्यात छाती उघडली. डबी बाहेर आली ती फुगलेली, आत पाणी, तार मधोमध तुटलेली. "ही दोन महिने तरी मेलेली आहे, तात्या," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे चमकत होते. मला रडू येत होतं आणि हा माणूस खूश! "कळतंय का तुम्हाला? याचं हृदय स्वतःच्या बळावर चाललंय. आतलं मांस नव्यानं जुळलंय. ते कसं जुळलं हे मला सापडलं तर उद्या कुणाच्याही छातीत डबी घालावी लागणार नाही!" त्या दिवसापासून ते त्याच नादाला लागले. बेडकांची काळजं, काचेच्या बश्या, रात्रंदिवस तेच. नवी डबी त्यांनी बसवलीच नाही.

मी त्यांना सगळं सांगितलं. बरणी, सेल, ब्याऐंशी. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तात्या, तुम्ही फार दमलाय. ती बरणी आता बंद करा. तिचं काम संपलं."

मी हो म्हटलं. डॉक्टर शहाणा माणूस आहे आणि त्यांचंच म्हणणं बरोबर असणार, असं माझी बुद्धी आजही म्हणते. सगळ्याला एकेक उत्तर देता येतं. पण त्यांचं म्हणणं चुकीचं असलं तर कडेगावात एक माणूस ओट्यावर आडवा होईल. ते बघायला म्हणून मी बरणी बंद करून पाहू? छे!

७

तेव्हापासून मी एकही सकाळ चुकवलेली नाही. ताप भरला तरी मोजलं. पुण्याला भाचीच्या लग्नाला गेलो तेव्हा बरणी मांडीवर घेऊन गेलो. कंडक्टर म्हणाला, "काय काका, लोणचं का?" विनोदिनी म्हणाली, "लोणचं कुठलं, सवत आहे माझी." सगळी एसटी हसली. सेल बदलताना आधी नवे जोडतो, मगच जुने काढतो. आणि खंडेनवमीला सगळी हत्यारं पाटावर जातात, बरणी मात्र जात नाही.

सुख म्हणतात ते हेच असावं. दुकान चालतं, कार्डं येतात, लालासाहेब दरवर्षी गुळाची ढेप घेऊन येतो आणि धाकल्याला हाक मारतो. माझी छातीची कळसुद्धा त्या श्रावणापासून गेली, पुन्हा म्हणून आली नाही. जिना मी दोन-दोन पायऱ्यांनी चढतो.

काल कार्ड आलं. आकड्यांखाली या खेपेला चार ओळी जास्त होत्या. 'डागदर साहेब भेटले. म्हनाले, हवालदार, चार वर्षं झाली, आता मोजू नका, उगा मनाला घोर. तरी दसऱ्यापासून मोजनं बंद करतो. रेडिओ नातवाला देतो. तुमचं तुमी चालू ठेवा. सब ठीक.'

मला काहीच वाईट वाटलं नाही. मी मोजतोय तोवर त्याला धोका नाही, त्यानं मोजलं काय नि न मोजलं काय.

आज खंडेनवमी. सहाला मोजलं, बहात्तर. चहा उकळत होता. विनोदिनी हळदकुंकवाची कोयरी घेऊन खाली आली आणि म्हणाली, "साऱ्या गावाचं मोजता, एकदा स्वतःचं तरी बघा काय वाजतंय ते." मी हसलो आणि तिची चेष्टा करायला म्हणून चालू ट्रान्झिस्टर सदऱ्यावर, डावीकडं टेकवला. "ऐक," म्हटलं, "तुझंच नाव घेतोय बघ."

खरखर होती. मग खरखरीच्या मागं म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली. एक बाई कुणाला तरी च्या झाला म्हणून सांगत होती. आणि एक भरड, दमदार, कवायतीतला आवाज, अगदी माझ्या बरगडीखालून.

"येक. दोन. तीन. च्यार."

"काही नाही, नुसती खरखर," विनोदिनी म्हणाली. "अहो, चहा उतू चाललाय!"

मी हललो नाही. तो मोजत होता, शांतपणे, एकही आकडा न गाळता. बहात्तरला थांबला. "सब ठीक," म्हणाला, आणि रेडिओ बंद केल्याची कळ वाजली.

कडेगावच्या बाजूची पहिली एसटी सातला आहे. मी बरणी पंच्यात गुंडाळली, चपला घातल्या. विनोदिनी मागून विचारत होती, अहो, सणाचं कुठं निघालात, पूजा कोण करणार? मी म्हटलं, लालासाहेबाला भेटायला हवं, आजच. का, ते तिला सांगायला माझ्याकडे वेळ नव्हता. उद्या दसरा आहे.